नोकरी नाकारली? आधी जागा राखा, मग भांडा

वाचकाचं पत्र

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रमाणपत्रावर 52 टक्के दिव्यांगत्व आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आहे आणि श्रवणयंत्र लावून दोन वर्षं एका ठेकेदाराकडे साइटवर काम केलं आहे. राज्य शासनाच्या एका विभागाच्या कनिष्ठ अभियंता भरतीत कर्णबधिरांसाठी राखीव जागेवर माझं नाव तात्पुरत्या निवड यादीत आलं. कागदपत्रं तपासून झाली. वैद्यकीय तपासणीनंतर मात्र ‘क्षेत्रीय कामासाठी अयोग्य’ एवढाच शेरा मारून मला अपात्र ठरवलं. ते पत्र हातात पडून 26 दिवस झाले. बाकीच्यांचे नियुक्ती आदेश पुढच्या महिन्यात निघतील असं कानावर आहे. त्याआधी हिंजवडीतल्या एका खासगी कंपनीत तिन्ही फेऱ्या पार केल्यावर एचआरने फोनवर सांगितलं, ‘क्लायंटच्या कॉलवर तुम्हाला जमणार नाही.’ दोन्ही प्रकरणं कामगार न्यायालयात टाकू का? नोकरी मिळेल, की नुकसानभरपाई? – एक महिला वाचक, कोथरूड

सल्ला

कामगार न्यायालयात जाऊ नका. ते न्यायालय कामगाराचं. तुम्ही दोन्हीकडे अजून उमेदवारच होता, रुजू कुठेच झाला नव्हता. असे अर्ज ‘अर्जदार कामगार या व्याख्येत बसत नाही’ म्हणून बाहेर पडतात आणि तोवर चार-सहा महिने गेलेले असतात. दोन्ही प्रकरणं एका फायलीतही बांधू नका. सरकारी नकाराचा कायदा वेगळा आणि खासगी नकाराचा वेगळा. सरकारी प्रकरणात तुमची बाजू चांगली आहे, पण तिथे घड्याळ चालू आहे. म्हणून आधी ते.

राज्य शासनाच्या विभागातल्या पदाची भरती असल्यामुळे तुम्हाला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जावं लागेल. पुण्याचं काम मुंबईच्या खंडपीठाकडे चालतं. इथे एक गल्लत सारखी होते. हीच भरती महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असती, तर मॅटने हात लावला नसता. तेव्हा घटनेच्या अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात रिट, म्हणजे शासनाच्या निर्णयाविरुद्धची याचिका, करावी लागते. केंद्र सरकारचं पद असेल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. जाहिरातीच्या पहिल्या पानावर नियुक्ती प्राधिकारी कोण आहे ते वाचा, त्यावरून दार ठरतं. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून ‘आता तिथे जाऊ का’ असं पुण्यातले बरेच जण विचारतात. पुणे जिल्हा त्या बेंचकडे नाही.

मॅटमध्ये दाद मागायची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. कागदावर तुमच्याकडे अकरा महिने दिसतात. त्यांवर जाऊ नका. तुमची खरी मुदत पुढच्या महिन्यात संपते, कारण त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा नियुक्ती आदेश निघाला की प्रकरणाचा रंगच बदलतो. मग त्या उमेदवाराला प्रतिवादी करावं लागतं. नाही केलं तर अर्ज तेवढ्यावरच पडू शकतो, कारण ज्याची नोकरी जाणार त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय ती काढून घेत नाही. शिवाय सहा महिने पगार घेत असलेल्या माणसाला उठवायला कुठलंही न्यायपीठ कचरतं. निवड यादीची मुदत संपली तर आणखी एक पेच उभा राहतो.

म्हणून मूळ अर्जासोबतच अंतरिम आदेशाची मागणी हवी आणि तिचे शब्द नेमके हवेत. ‘कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) या संवर्गातलं कर्णबधिर प्रवर्गाचं एक पद पुढील आदेशापर्यंत रिक्त ठेवावं’ असं लिहून मागा. सरकारच्या बाजूने उभे राहणारे सादरकर्ता अधिकारी बहुधा सुचवतील, की ‘होणाऱ्या नियुक्त्या या अर्जाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहतील’ एवढं पुरे. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण पहिल्यात जागा तुमच्यासाठी मोकळी राहते आणि दुसऱ्यात ती भरते व तुम्ही भरलेल्या जागेवर भांडत बसता. आपल्या वकिलांना हे आधीच सांगून ठेवा. संपूर्ण भरतीला स्थगिती मात्र मागू नका. एका जागेसाठी शेकडो जणांची नियुक्ती अडवायला कुणी तयार होत नाही, आणि तो नकार कपाळी घेऊन पुढे लढणं जड जातं.

आता मुद्द्याकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 33 नुसार कोणतं पद कोणत्या दिव्यांगत्वाला योग्य, हे शासनानेच आधी ठरवायचं असतं. कलम 34 खाली 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यातला 1 टक्का कर्णबधिर व ऐकण्यास कमी असलेल्यांसाठी. जाहिरातीत तुमच्या प्रवर्गाची जागा दाखवली, याचा अर्थ हे पद कमी ऐकू येणाऱ्या माणसाला जमतं असं शासन आधीच म्हणालं आहे. मग वैद्यकीय मंडळाने एका ओळीत उलटं म्हणायचं, तर कारण द्यायला हवं: कोणतं काम, का जमणार नाही, श्रवणयंत्र लावून तपासलं का, दुसरी सोय करून भागलं असतं का. तुमच्या पत्रावरून तरी यातलं काहीच दिसत नाही. कलम 20 सरकारी आस्थापनेला भेदभाव करायला मनाई करतं आणि वाजवी सोयी-सुविधा पुरवायला सांगतं. त्या नाकारणं हाच कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे.

तीन निकाल वकिलांसमोर ठेवा. ऑक्टोबर 2023 मध्ये मोहम्मद इब्राहिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रंगदृष्टीच्या दोषावरून नाकारलेल्या विद्युत अभियंत्याला त्याच पदावर घ्यायला लावलं आणि वाजवी सोय करण्याची जबाबदारी वीज कंपनीवर टाकली. तुमच्या सगळ्यात जवळचा हाच. ऑक्टोबर 2024 चा ओंकार गोंड निकाल वैद्यकीय प्रवेशाचा आहे, पण टक्केवारीवर न थांबता प्रत्यक्ष काम जमतं का हे मंडळाने पाहावं आणि कारणं लिहावीत, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भरती सुरू झाल्यावर मधेच निकष बदलता येत नाहीत असा निर्वाळा दिला. जाहिरातीत नसलेली श्रवणक्षमतेची अट वैद्यकीय टप्प्यावर उगवली असेल, तर हा निकाल लागू पडतो. जाहिरातीतच तशी अट असती आणि ती मान्य करून तुम्ही परीक्षा दिली असती, तर गाडी तिथेच अडली असती. अट वाचून, परीक्षा देऊन, नाव आलं नाही म्हणून अटीला आव्हान दिलेलं न्यायालयांना चालत नाही.

अर्जातली मुख्य मागणी ‘मला नियुक्ती द्या’ एवढीच ठेवू नका. न्यायाधिकरण स्वतः कान तपासत नाही, त्यामुळे फक्त तेवढं मागणाऱ्याला ते सहज नाही म्हणू शकतं. अपात्रतेचं पत्र रद्द करावं. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट असलेल्या नव्या मंडळाकडून पदाच्या कर्तव्यसूचीसह फेरतपासणी व्हावी. त्यात योग्य ठरल्यास मूळ गुणवत्ता क्रमानुसार नियुक्ती आणि मानीव दिनांक (बरोबरच्यांसोबतच रुजू झालात असं धरून दिलेली तारीख) मिळावा, अशी चढती मागणी करा.

त्याआधी घरचा एक अभ्यास उरका. एखाद्या सरकारी रुग्णालयात, ससून जवळ आहे, प्युअर टोन ऑडिओमेट्री आणि बेरा या दोन्ही तपासण्या नव्याने करून घ्या. पहिलीत तुम्ही बटण दाबून प्रतिसाद देता, दुसरीत मेंदूकडे जाणारे संकेत यंत्र मोजतं, म्हणून वादात दुसरीला वजन. हे आधी का? कारण फेरतपासणी दोन्ही बाजूंनी कापू शकते. दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली आलं तर राखीव जागेवरचा हक्कच जातो. त्याच कारणाने शपथपत्रात ‘मला सगळं नीट ऐकू येतं’ असं वाक्य चुकूनही नको. रागाच्या भरात उमेदवार ते लिहितात आणि समोरची बाजू तेच वाक्य वाचून दाखवते: नीट ऐकू येत असेल तर आरक्षण कशाला? ‘श्रवणयंत्र लावून मी साइटवरचं काम करू शकते आणि दोन वर्षं केलं आहे’ असं लिहा. ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घ्या, पण ‘काम समाधानकारक’ छापाचं नको. काँक्रीट ओतताना देखरेख, मोजमाप पुस्तक भरणं, मजुरांना सूचना देणं, अशी कामं त्यात नावानिशी यायला हवीत.

कागदपत्रांसाठी दोन वाटा एकाच दिवशी सुरू करा. एक, नियुक्ती प्राधिकाऱ्याला निवेदन: अपात्रतेची सविस्तर कारणं आणि मंडळाच्या अहवालाची प्रत द्यावी, फेरतपासणी करावी, तोवर पद भरू नये. हाती नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्या. शिक्क्याशिवाय दिलेलं निवेदन दिलंच नाही असं समजा. दुसरी वाट माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन वेगळे अर्ज करा: मंडळाचा संपूर्ण अहवाल, पद सुनिश्चितीचा (कोणतं पद कोणत्या दिव्यांगत्वाला योग्य ते ठरवणारा) शासन निर्णय आणि त्या पदाची कर्तव्यसूची, आणि या संवर्गाची बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, ते दाखवणारी नोंद). मुदत 30 दिवसांची. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, पण त्यासाठी मॅटचा अर्ज थांबवू नका. न्यायाधिकरण मूळ कागद स्वतः मागवू शकतं. इतर उमेदवारांचे गुण मागण्यात सध्या वेळ दवडू नका. पुणे जिल्हा न्यायालयातल्या लिपिक भरतीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते द्यायला लावले होते, पण त्यानंतर वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं आहे. तसंही तुमचा वाद गुणांचा नाही.

निवेदन एकदाच द्या. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली म्हणून मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तुमच्या बाबतीत तर निवेदनाच्या उत्तरासाठी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त थांबणंही परवडणारं नाही.

हातात काय पडेल? सगळं जमून आलं तर फेरतपासणीचा आदेश, त्यात योग्य ठरल्यावर ठरावीक आठवड्यांत नियुक्ती, आणि बरोबरच्यांच्या तारखेचा मानीव दिनांक. मानीव दिनांकाला कमी लेखू नका. ज्येष्ठता, पुढची पदोन्नती, वेतननिश्चिती त्याच्यावर लटकलेली असते. मधल्या काळाचा पगार मात्र क्वचितच मिळतो. काम नाही तर वेतन नाही, हे सूत्र इथे सहसा लागू होतं. मागा, पण त्याच्यावर घराचा हप्ता ठरवू नका. आणि निवड यादीत नाव आलं म्हणजे नियुक्तीचा पक्का हक्क मिळाला, असं घटनापीठाने 1991 च्या शंकरसन दाश प्रकरणात मानलेलं नाही. तुमचा हक्क आहे तो मनमानी न होण्याचा, बिनकारण न डावललं जाण्याचा. युक्तिवाद त्याच पायावर उभा करा.

दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तिथे तक्रारीला वकील लागत नाही, मुंबईची फेरी लागत नाही. तक्रार जरूर करा, पण ‘आधी आयुक्त, मग मॅट’ असा क्रम लावू नका. आयुक्त शिफारस करतात आणि संबंधित कार्यालयाने ती तीन महिन्यांत मानायची किंवा न मानण्याची कारणं कळवायची असतात. जागा रोखून धरणारा अंतरिम आदेश द्यायचा अधिकार या आयुक्तांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या जुन्या कायद्याखाली 2010 मध्येच सांगितलं होतं. तिथे बसून वाट पाहिलीत तर शिफारस हाती येईल आणि जागा गेलेली असेल.

आता हिंजवडीची कंपनी. इथे अपेक्षा बऱ्याच खाली आणा. खासगी मालकाला ‘या उमेदवाराला कामावर घ्या’ असा आदेश दिवाणी न्यायालय देत नाही. विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम 14 मुळे व्यक्तीच्या गुणांवर अवलंबून असलेला करार बळजबरीने राबवता येत नाही. रिटही सहसा शासन आणि शासनासारख्या संस्थांविरुद्ध चालते. दिव्यांग आरक्षणही खासगी कंपनीला बंधनकारक नाही. राहतो नुकसानभरपाईचा दावा. त्यात भेदभाव झाला आणि त्यामुळे अमुक इतकं नुकसान झालं, हे दोन्ही तुम्हाला सिद्ध करायचं असतं. ऑफर लेटर देऊन, तुम्हाला जुनी नोकरी सोडायला लावून मग ते मागे घेतलं असतं, तर करार कायद्याच्या कलम 73 खाली हिशेब तरी मांडता आला असता. तीन फेऱ्या पार केल्यात, पण ऑफर आली नव्हती. आमच्या मते दिवाणी दाव्यात खर्च आणि वर्षं घालण्यासारखं हे प्रकरण नाही.

तरीही कंपनीला सोडून द्यायचं कारण नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 21 खासगी आस्थापनांनाही लागू आहे: प्रत्येकीने समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, संपर्क अधिकारी, हे सगळं यायला हवं. अनेक कंपन्यांकडे हा कागदच नसतो, आणि असलाच तर एचआरने तो उघडलेला नसतो. धरायची कड हीच. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे. तो सरकारजमा होतो, तुमच्या हातात येत नाही. पण आयुक्तांची नोटीस आली की कंपनीचा विधी विभाग जागा होतो आणि पुन्हा मुलाखतीला बोलावण्याची भाषा तिथूनच निघू शकते.

त्या फोनचा पुरावा मात्र आजच बांधून घ्या. एचआरला असा मेल टाका: ‘अमुक तारखेला, अमुक वाजता आपण मला फोनवर कळवलंत की तीन फेऱ्यांत माझी निवड झाली होती, परंतु क्लायंट कॉलवर ऐकण्याच्या अडचणीमुळे माझा विचार होणार नाही. कॉलसाठी लाइव्ह कॅप्शन आणि हेडसेटला जोडणारं श्रवणयंत्र मी वापरते. कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत द्यावी आणि नकाराचं कारण लेखी कळवावं. माझ्या समजण्यात चूक असल्यास सात दिवसांत दुरुस्त करावी.’ (कॅप्शन आणि हेडसेटचं वाक्य तुम्ही ते खरंच वापरत असाल तरच.) शेवटची ओळ गाळू नका. सात दिवस गप्प बसलेली कंपनी नंतर ‘असं आम्ही बोललोच नव्हतो’ म्हणाली तर तिचंच मौन तिला अडचणीत आणतं. मेलमध्ये चिडचिड, टोमणा, ‘कोर्टात खेचीन’ काही नको. तो मेल उद्या आयुक्त वाचणार आहेत असं धरून लिहा.

कॉल रेकॉर्ड झाला असेल तर फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, फाइल व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवून मूळ पुसू नका. जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्यासह (फाइलचा डिजिटल ठसा) दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फाइल असेल तर हे काम सोपं आहे.

दिव्यांगत्वाखेरीज इतर कारणांवरून नाकारलेल्यांची पत्रंही येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. बाई म्हणून नाकारलं असेल तर 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 चं कलम 3 लागू आहे. समान कामाच्या भरतीत लिंगावरून भेदभाव करायला ते खासगी मालकालाही मनाई करतं. तक्रार कामगार विभागाकडे करायची. एचआयव्हीची चाचणी नोकरीची अट म्हणून मागणं 2017 च्या कायद्याने सगळीकडेच बेकायदा आहे. तृतीयपंथी उमेदवारांना 2019 च्या कायद्याचं कलम 9 खासगी भरतीतही संरक्षण देतं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शिक्षिकेला अशा नकाराबद्दल भरपाई द्यायला लावली. वयावरून खासगी कंपनीने नाकारलं, तर सध्या तरी हाती धरण्यासारखा कायदा नाही.

वकिलांच्या फीची धास्ती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण ती असतेच. तुम्ही स्त्री आहात आणि दिव्यांग आहात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 खाली दोन्ही कारणांनी, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन 15100. मॅटसाठी वकील मुंबईचा हवा, हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा. स्वतःचा वकील करणार असाल तर सेवाविषयक प्रकरणं चालवणारा शोधा आणि फीमध्ये अर्जाचा मसुदा, अंतरिम सुनावणी आणि पुढच्या तारखा धरल्यात का, हे लिहून घ्या. सोबत नेण्याचे कागद: जाहिरात (शुद्धिपत्रकांसह), तात्पुरती निवड यादी, अपात्रतेचं पत्र व ते मिळाल्याची तारीख दाखवणारा लिफाफा किंवा मेल, यूडीआयडी, नवे ऑडिओग्राम आणि शिक्का मारलेलं निवेदन. अंतरिम आदेश मिळाला तर त्याची प्रत त्याच दिवशी विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि दुसऱ्या दिवशी हाती नेऊन पोच घ्या. आदेश पोचायच्या आत नियुक्तीपत्र बाहेर पडलं, तर कुठलं आधीचं हा नवाच वाद होऊन बसतो.